म्हशींची वेळ आणि संध्याकाळचा दर

“म्हशींची धार काढायची वेळ बदलता येईल का?” साहेबांनी विचारलं.

साहेब म्हणजे आमचे अधीक्षक अभियंता, जिल्ह्यातल्या विजेचे सर्वांत मोठे अधिकारी. मिटिंग हॉल भरलेला होता. कोणी हसलं नाही. साहेब हसल्याखेरीज हसायचं नसतं, हे आमच्याकडं नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. बाकीचं शिक्षण निवृत्तीपर्यंत चालतं. मी डायरी उघडली आणि गंभीर चेहऱ्यानं लिहून घेतलं: म्हशी, वेळ, पाठपुरावा.

मी तेव्हा धाराशिवच्या मंडल कार्यालयात वित्त व लेखा विभागात होतो. लोकांना वाटतं, वीज कंपनीतला प्रत्येक माणूस खांबावर चढतो. मी उभ्या आयुष्यात एकदाच चढलो, तेही मागं कुत्रं लागलं म्हणून. माझं काम बजेटचं.

बजेट म्हणजे काय, ते आधी सांगतो. कंपनी वीज विकत घेते, तारांतून आणते, वाटेत थोडी गळते, थोडी आकडे टाकणारे नेतात, उरलेली तुमच्या घरी पोचते. या सगळ्याला वर्षाला खर्च किती येणार आणि जुन्या दरानं वसूल किती होणार, याचा अंदाज आम्ही बांधतो. दोन्हींमध्ये जे अंतर पडतं त्याला तूट म्हणतात. ते अंतर कधी दुसऱ्या बाजूला पडलेलं मी पाहिलं नाही. ही तूट घेऊन कंपनी आयोगापुढं जाते. आयोग म्हणजे दर ठरवणारे पंच. तिथं जनसुनावणी होते, लोक हरकती घेतात, पंच शांतपणे ऐकतात आणि नवे दर लागू होतात.

त्या वर्षीच्या आदेशात टीओडी आलं. टाइम ऑफ डे. वीज तीच, मीटर तोच, पण घड्याळ बघून दर वेगळा. दिवसा सोलरची वीज बदाबदा येते आणि ती ठेवायला जागा नसते, म्हणून उद्योगांना दिवसा सवलत. दिवस मावळला की सूर्य रजेवर जातो आणि सगळा महाराष्ट्र एकदम बटणं दाबतो, म्हणून संध्याकाळी जादा दर. आम्हाला हुकूम आला की ग्राहकांना भेटा आणि त्यांचं काम दिवसाकडं वळवा. याला लोड शिफ्टिंग म्हणतात.

मुरुमचे डाळमिलवाले लगेच तयार झाले. ढोकीचे वेल्डिंगवाले म्हणाले, आम्ही संध्याकाळी तसंही काम करत नाही, नुसते दुकानात बसतो. अडलं ते खव्यापाशी.

कळंबच्या पलीकडं एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण बिलं अजून तिथं जातात. त्या गावात म्हशी इतक्या, की जनगणनेवाला दारात आला तर आधी गोठा दाखवतात. गावचा खवा रोज टेम्पोनं हैदराबादेला हलवायाकडं जातो. पूर्वी बाभळीच्या लाकडावर, लोखंडी कढईत, हातानं घोटून करायचे. मग एका घरानं विजेची कढई आणली. खाली हीटर, आत मोटरीवर फिरणारं पातं. त्यांचं बघून दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. वर्षभरात गावातला धूर असा नाहीसा झाला की शेजारच्या गावाला वाटलं, हे लोक स्थलांतर करून गेले.

आता घोळ बघा. म्हैस धार देते पहाटे आणि संध्याकाळी. खवा करायचा तो धार काढल्या काढल्या. म्हणजे गावातल्या निम्म्या कढया नेमक्या जादा दराच्या वेळेत पेटणार.

साहेबांचा निरोप घेऊन मी पहिल्या कढईच्या घरी गेलो. घरचा कारभार दिगंबररावांकडं. टेम्पो त्यांचा, हलवायाशी बोलणं त्यांचं, मिशाही त्यांच्याच. खव्याचा वास घेऊन ते म्हशीचं नाव सांगतात असा त्यांचा लौकिक. एकदा म्हणे म्हशीच्या आईचंही नाव सांगितलं होतं, आणि ते बरोबर निघालं.

“दिगंबरराव, धार दुपारी काढली तर?”

त्यांनी गोठ्याकडं बोट केलं. “सायेब, म्हशीला तुमीच समजावून सांगा. ती बगा, ती काळी. कागद हाय का तुमच्याकडं? शिक्का असला तर ऐकंल.”

“मग दूध ठेवून दुसऱ्या दिवशी खवा करा.”

“शिळ्या दुधाचा?” ते खाटेवरून उठूनच उभे राहिले. “आमच्या खव्याला रवा पडतो तो ताज्या दुधामुळं. हलवाई टेम्पोसकट परत पाठवंल. त्याच्यापरीस आमचं ठरलंय. संध्याकाळी मशीन बंद. लाकडाची भट्टी लावू आन पयल्यावानी हातानं घोटू.”

“कोण घोटणार?”

दिगंबररावांनी मिशीवरून हात फिरवला. बोलली ती दारात उभी असलेली त्यांची भावजय, शेवंताकाकू. “कोण म्हंजे? ह्या घरात उलथनं कुणाच्या हातात हाय, ते गावाला ठावं हाय.”

काकूंनी लग्न झाल्यापासून ती कढई घोटलेली. खवा घट्ट व्हायला लागला की लांब दांड्याचं उलथनं थांबवता येत नाही. क्षणभर थांबलं तर तळ लागतो आणि सगळी कढई करपते. मशीन आलं तोवर उजवा खांदा गेला होता. हात छातीच्या वर जात नव्हता. डोक्यावर पदर घ्यायलाही सुनेला हाक मारावी लागायची. मशीन आल्यावर हळूहळू हात वर जायला लागला. धाराशिवच्या डॉक्टरनं बजावलं होतं, पुन्हा घोटायला बसलात तर हा हात कायमचा गेला समजा.

“वहिनी, आता सायबापुढं कशाला…” दिगंबरराव पुटपुटले.

“सायबापुढंच. त्येंचाच दर हाय न्हवं ह्यो? सायेब, तुमच्या दरात माझा खांदा धरलाय का कुठं?”

दरपत्रकात स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन असतं. खांदा नव्हता. मी चहा पिऊन निघालो.

वाटेत मला कळंबजवळचं एक बंद पडलेलं दूध संकलन केंद्र आठवलं. त्याचं कनेक्शन आमच्याच लोकांनी कायमचं काढलं होतं. तिथं आइस बँक नावाची टाकी पडून होती. साधी युक्ती असते. पाण्याच्या टाकीत तांब्याच्या नळ्या. दिवसा गार करणारं मशीन चालवून नळ्यांभोवती बर्फाचा थर जमवायचा. संध्याकाळी मशीन बंद करायचं आणि त्या गार पाण्यात दुधाचे कॅन उभे करायचे. बर्फ हळूहळू विरघळतो, दूध सकाळपर्यंत गार राहतं. स्वस्त वीज बर्फ करून साठवायची, एवढंच. ही कल्पना मला सुचली तेव्हा रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांनी माझ्याकडं आदरानं पाहिलं, असं मला आजही वाटतं.

परत जाऊन दिगंबररावांना ती ऐकवली, तर त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. “टाकी सोन्याची आसंल, तरी गार दुधाचा खवा म्या वासावर वळखतो.”

“वळखता?” काकूंनी विचारलं.

“डोळं झाकून.”

“मग झाकाच.”

टाकी आणायच्या आधीच परीक्षा ठरली. कळंबहून बर्फाच्या लाद्या आणल्या, हौदात टाकल्या, संध्याकाळचं दूध त्यात रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी एका कढईत ताज्या धारेचा आणि दुसरीत गार दुधाचा खवा लावला. दुपारी मी पोचलो तर ओसरीवर अर्धं गाव. उरलेलं अर्धं झाडावर. काकूंनी पळसाच्या पानावर दोन ढेकळं ठेवली. दिगंबररावांनी डोळ्यांवर उपरणं बांधून घेतलं, दोन्ही हुंगली, दोन्ही चाखली आणि डाव्या पानावर बोट ठेवलं.

“ह्यो ताज्याचा. दुसरा शिळा, वशाळ लागतोय.”

“उलटं झालं, भाऊजी,” काकू म्हणाल्या.

झाडावरचे दोघे खाली पडले. दिगंबररावांनी पाणी मागवलं, चूळ भरली. सकाळपासून तंबाखू झाली होती म्हणाले. पुन्हा पानं मांडली. या खेपेला त्यांनी इतका वेळ हुंगलं, की पानावरची माशी कंटाळून उडून गेली. मग उजव्या पानावर बोट ठेवलं.

“आता चुकत न्हाय. रवा बगा कसा सुटलाय! ह्यो ताज्या धारेचा. तिसऱ्या खुट्ट्याच्या म्हशीचा.”

काकूंनी आवाजही चढवला नाही. “दोनी गार दुधाचे हैत.”

“काय?”

“दोनी. ताज्याचा तर मघाशीच पोरांनी खाऊन टाकला.”

ओसरीवर असा हशा उठला की गोठ्यातल्या म्हशींनी माना वळवल्या. दिगंबररावांनी उपरणं सोडलं, झटकलं, घडी करून खांद्यावर टाकलं. हे सगळं त्यांनी फार सावकाश केलं. मग खिशातून मोबाइल काढून सगळ्यांदेखत हैदराबादच्या हलवायाला लावला.

“शेठ, सलाम. पुढच्या आठवड्यापासनं नवीन माल. खास थंड दुधाचा. न्हाय न्हाय, सगळ्यांना न्हाय देत, फकस्त तुमाला. पण भाव जरा बघावा लागंल.”

फोन ठेवून ते माझ्याकडं वळले. “सायेब, ती टाकी कुठंय म्हणलात?”

टाकी आली. महिन्याभरात गावात तशा आणखी आल्या. काही जुन्या, काही नव्या. गावातल्या कढया सकाळी सवलतीच्या दरात पेटायच्या आणि दुपारी गार व्हायच्या. टेम्पो नेहमीच्याच वेळी निघत होता. लाकडाची भट्टी लागली नाही आणि काकूंच्या हातात उलथनं गेलं नाही. साहेब टाकी बघायला आले, टाकीसोबत फोटो काढून घेतला, आणि मुख्यालयाच्या मासिकात तो ‘अभिनव जनजागृती’ म्हणून छापून आला. फोटोत साहेब आहेत, टाकी आहे, एक म्हैस आहे. मी फोटोग्राफरच्या मागं होतो.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती सांगितलीही नसती.

पुढच्या बजेटच्या वेळी मुख्यालयाकडून पत्र आलं. धाराशिव मंडलात उद्योगांचा संध्याकाळचा महसूल अंदाजापेक्षा बराच घटला आहे, तत्काळ खुलासा करावा. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“हे कसं काय झालं?”

“साहेब, आपण लोकांना सांगितलं की संध्याकाळी वीज वापरू नका.”

“मग?”

“त्यांनी वापरली नाही.”

साहेब विचारात पडले. “पण बजेटमध्ये तर संध्याकाळच्या जादा दराचे पैसे धरले होते.”

“होय साहेब. लोक ऐकतील, हे धरलं नव्हतं.”

ते खिडकीपाशी गेले, परत आले. “एक कर. त्या खव्याच्या गावात जा. त्यांना म्हणावं, थोडं थोडं संध्याकाळीही चालवा. अगदी सगळं नको. आपल्याला अंदाजाच्या जवळपास आणता येईल इतपत.”

मी डायरीत लिहून घेतलं आणि गावाला गेलो. हुकूम तो हुकूम. शेवंताकाकू ओसरीवर ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी साहेबांचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“सायेब सोता म्हणलेत?”

“स्वतः.”

“मग त्यान्ला म्हणावं, जरूर या. उलथनं ठिवलंय म्या अजून. संध्याकाळच्या कढईला एक माणूस कमीच हाय.”

हा निरोप मी साहेबांना जरा सौम्य करून सांगितला. खुलाशात एकच ओळ लिहिली: ग्राहकांनी कंपनीच्या सूचनेचे तंतोतंत पालन केल्यामुळे तूट आली. वरून एकही प्रश्न आला नाही. ती तूट पुढच्या वर्षीच्या अंदाजात मिळवली गेली आणि आयोगापुढं मांडली गेली. मी निवृत्त होईपर्यंत बजेटमध्ये एवढीच सुधारणा झाली, की ग्राहक आपलं ऐकतात हा धोका गृहीत धरायला आम्ही शिकलो.