कार्डाची मागची बाजू

घरात तिला सगळे 'पाला' म्हणायचे. लहानपणी फ्रॉकच्या खिशातून पानं निघायची, तेव्हा चिकटलेलं नाव पन्नाशी आली तरी सुटलं नाही. मोठेपणी वनस्पती उद्यानाच्या संग्रहालयात तिला वाळलेल्या पानाफुलांची चित्रं काढायची नोकरी लागली. पान किती दातेरी, देठ किती लांब, एवढ्यालाच तिथे किंमत. त्या झाडाविषयी लोक पिढ्यान्‌पिढ्या काय सांगत आले, हे तिला तोंडपाठ होतं, पण साहेब म्हणायचे, "गोष्टी घरी सांगा." शेवटी नोकरी सोडून तिनं खरंच घर गाठलं आणि शुभेच्छापत्रं करायला घेतली.

पुढे झाडाचं चित्र, मागे त्याची गोष्ट आणि अर्थ. आयव्हीची वेल एकदा धरलेला आधार सोडत नाही, म्हणून ती लग्नाच्या वाढदिवसाला. अफूचं फूल झोपेचं आणि विसरण्याचं, म्हणून ते भांडण मिटवायला. रोझमेरीची सुवासिक पानं आठवणीची, ती सांत्वनाला. आणि नर्गिस, पाण्यात स्वतःचंच रूप पाहून झुरलेल्या पोराचं फूल; ते आरशासमोरून न हलणाऱ्या मित्राची थट्टा करायला. एकेका मजकुरासाठी तिनं रक्ताचं पाणी केलं. चार ओळींत गोष्ट बसवायची म्हणजे काही खायचं काम नव्हतं.

छापखाना सख्ख्या भावाचा, त्यामुळे ती निर्धास्त होती. प्रूफं तिनं डोळ्यांत तेल घालून तपासली, पण चित्रांची वेगळी आणि मजकुराची वेगळी. चारही कार्डं एकाच मोठ्या तावावर होती. मागची बाजू छापताना ताव पलटायचा, तो मशीनवर उलट्या बाजूनं लागला आणि डावीकडचा मजकूर उजवीकडच्या चित्रामागे गेला. कार्डं कापली, गठ्ठे बांधले, दुकानात पोचलीसुद्धा. घरी राहिलेलं एक आयव्हीचं कार्ड तिनं सहज उलटून पाहिलं. मागे लिहिलं होतं : 'हे फूल म्हणतं, झालं गेलं विसरून जा.'

तिनं दुसरं कार्ड उलटलं. रोझमेरीच्या मागे तो झुरलेला पोरगा होता.

"दादा, कुणाचा बाप गेलाय आणि आपण त्याला सांगतोय, तू स्वतःच्याच प्रेमात पडलायस!"

दादानं कार्ड हातात घेतलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "छपाई मात्र सुरेख आलीय," तो म्हणाला.

ती तशीच दुकानात धावली. दुकानदार खुशीत होता. "या या, बाई! तुमची कार्डं हातोहात चाललीत. रॅक बघा, निम्मा रिकामा."

"ती परत द्या. मागचं सगळं चुकलंय."

"मागचं? मागे काय असतं?"

तेवढ्यात एक गृहस्थ आयव्हीचं कार्ड घेऊन काउंटरवर आले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती म्हणे. तिला राहवलं नाही. तिनं चूक सांगितली, आयव्हीची खरी गोष्ट सांगितली, माफीही मागितली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण वेल आमच्या हिला आवडेल ना? हिरवा रंग तिला आवडतो." मग दुकानदाराकडून पेन घेऊन त्यांनी मजकुरावरच मोठ्या अक्षरात बायकोचं नाव लिहिलं.

ती घरी आली ती धुमसतच. वहिनीनं चहा पुढे केला. "अगं, एकही तक्रार नाही आली. देव पावला म्हण."

"तेच तर रडणं आहे, वहिनी! शिव्या घालायला कुणी आलं असतं, तर निदान वाचलं तरी म्हणता आलं असतं."

तक्रार आली, नाही असं नाही. एका बाईंनी कळवलं की पाकीट जरा लहान आहे, कार्ड घालताना कोपरा मुडपतो.

मग दुकानदारानं पुन्हा कार्डं मागवली. दादा म्हणाला, "पाला, मागची बाजू कोरी ठेवू. लोकांना लिहायला जागा होईल, माझं एक काम वाचेल आणि तुझ्या डोक्याचा तापही जाईल."

"म्हणजे उरतं काय? वेलबुट्टी?"

"विकली जाते ना वेलबुट्टी?"

ते खरं होतं, आणि याचाच तिला जास्त संताप आला. रात्रभर ती कूस बदलत राहिली. सकाळी मागचा मजकूर छापायचाच असं दादाला बजावून ती डबा घेऊन छापखान्यात गेली आणि मशीनला चिकटून उभी राहिली. पहिला ताव पलटला, मागची छपाई झाली. तिनं तो उचलून उजेडात धरला. आयव्हीच्या मागे आयव्ही, अफूच्या मागे अफू. नर्गिसच्या गोष्टीत मात्र एक वेलांटी उडाली होती.

"थांबवा मशीन," ती म्हणाली.

मशीनवाल्यानं दादाकडे पाहिलं. दादानं कपाळावर हात मारला. "एका वेलांटीसाठी? अगं, कोण वाचणार आहे?"

"मी वाचलं ना आत्ता!" ती खेकसली. "थांबवा म्हटलं ना."

मशीन थांबलं. दादा छपाईची नवी प्लेट करायला गेला. स्टुलावर बसून ती उरलेले मजकूर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत राहिली.