स्पॅनिश सिनेमातलं सोलापुरी लग्न

आमच्या फिल्म सोसायटीचा स्पॅनिश चित्रपटांचा महोत्सव दर हिवाळ्यात शाळेच्या सभागृहात भरायचा. दिल्लीहून रेल्वेनं रिळांचे डबे यायचे, नवी पेठेतून आणलेलं मांजरपाट भिंतीवर ताणलं जायचं आणि पडद्याच्या कडेला, माईक धरून, साक्षात मी! पडद्यावर खाली उमटणारी इंग्रजी वाक्यं गिरणी कामगारांना वाचता यायची नाहीत. ती मी मराठीत बोलायचो. नायिका मी, खलनायक मी, घोडाही मीच.

आणीबाणीतल्या वर्षी माझ्या शेजारी साध्या कपड्यांतला एक पोलीस वही उघडून बसला. "मास्तर, संपबिंप काही निघालं, तर महोत्सव बंद. शाळेतली नोकरीही विसरा."

चित्रपट आधी कुणीच बघितलेला नव्हता. पडद्यावर निघाली कापडगिरणी! भोंगा वाजला, माग थांबले, कामगार मुठी उगारत फाटकाबाहेर आले. खाली इंग्रजीत चक्क अक्षरं होती: संप. पोलिसाला इंग्रजी येत नव्हतं, तेवढंच नशीब.

"मालकाच्या मुलीचं लग्न!" मी ओरडलो. "चला रे वरातीला!"

हशा पिकला. धाडधाड गोळ्या सुटल्या. "फटाके!" मी म्हणालो. जन्मभर मागावर उभ्या राहिलेल्या माणसांना संप ओळखू येत नव्हता थोडाच? पण ती हसली. पोलिसानं वहीत लिहिलं, 'लग्नाचा सिनेमा'.

मित्रांच्या बैठकीत मी हा किस्सा इथंच संपवतो. टाळ्या हमखास पडतात.

पुढं पडद्यावर एक तरुण कोसळला. "चक्कर आली," मी म्हणालो. त्याची आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडत राहिली. कुणी हसलं नाही.

खेळ सुटल्यावर, दरवर्षी पहिल्या रांगेत बसणारा एक गिरणी कामगार जवळ आला. संपात पकडलेला त्याचा धाकटा भाऊ चार महिने तुरुंगात होता. भेटही मिळत नव्हती.

"मास्तर, त्यो मेला न्हवं?"

पोलीस माझ्या खांद्याशी उभा होता.

"नाही हो मामा. चक्कर आली त्याला."

"मग आई का रडतीया एवढी?"

"लग्नात आया रडतातच की!" मी म्हणालो, आणि सवयीनं हातसुद्धा पसरले.

त्यानं माझ्याकडं बघितलं. "व्हय," म्हणाला. "लई रडत्यात." भिंतीला टेकवलेली सायकल घेऊन तो चालत निघून गेला.

महोत्सव वाचला, नोकरीही. पुढच्या हिवाळ्यात परवानगी झटक्यात मिळाली. माईक धरून मी पहिली रांग पुन्हा पुन्हा बघत राहिलो; मामांची जागा रिकामी होती. चित्रपट सुरू झाला, नायिका बोलू लागली, तरी मी त्या जागेकडंच बघत होतो. मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, झोपला का?"