तिचा आवाज कंपनीकडे आहे

माझा भाचा दर रविवारी खारघरहून येतो, खाडीतल्या निवट्यांचं कालवण पोटभर खातो आणि हात धुतले की मोठ्या कंपन्यांना शिव्या द्यायला बसतो. कंपन्या म्हणजे फोनातल्या, कॉम्प्युटरातल्या. तो स्वतः सॉफ्टवेअरमध्येच नोकरीला आहे, पण त्याचा जीव भलतीकडे. जगभर काही माणसं आहेत, ती प्रोग्राम लिहितात आणि आतलं सगळं उघडं ठेवतात. कोणीही वाचा, कोणीही बदला, कोणीही फुकट न्या. भाचा त्या पंथातला. मी चौथी शिकलेला म्हातारा. मला आतलं काही कळत नाही. तरी मी कंपन्यांच्या बाजूने भांडतो. का भांडतो ते लिहून ठेवतो, कारण तोंडी सांगायला गेलं की तो मध्येच बोलतो.

माझी बायको भाद्रपदात गेली. ती धवलारीण होती. आमच्या आगरी लोकांत लग्नाच्या प्रत्येक कामाला गाणं लागतं. हळद दळा, मांडव घाला, नवरीला तेल लावा, आधी धवला म्हणायचा, मग हात लावायचा. तो म्हणणारी बाई धवलारीण. गव्हाणपासून शिरढोणपर्यंत तिला बोलावणी यायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. जे होतं ते गळ्यात होतं.

आजार कळला तेव्हा आमच्या नातीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. बायको म्हणाली, वैशाख काय मी बघत नाही. नातीने तिला फोनातलं लाल बटण दाखवलं, इथे दाब आणि गा. मग ती पडवीत भिंतीला टेकून बसायची आणि गायची. दम लागला की थांबायची, खोकायची, परत धरायची. नातीच्या लग्नाचे सगळे धवले तिने असे भरून ठेवले. नात म्हणाली, आजी, माझ्या हळदीला तूच म्हणायचंस. बायको म्हणाली, मीच म्हणणार, दुसरी कोण म्हणते बघते.

दहाव्याला आम्ही खाडीवर गेलो. गेलेल्या माणसाचं अंथरूण, कपडे, चपला, सगळं पाण्याला द्यायचं ही आमची रीत. गाठोडं बांधलं माझ्या थोरल्या बहिणीने. भाच्याची आई ती. ओहोटी होती, गाठोडं गेलं भराभर. घरी आल्यावर नात फोन शोधायला लागली.

"आजीचा फोन कुठे हाय?"

"दिला," बहीण म्हणाली. "रोज हातात असायचा तिच्या. जीव अडकतो अशा वस्तूत."

नात मटकन खाली बसली. बहिणीला आधी कळेना. कळलं तेव्हा ती तोंडात पदर कोंबून रडली. मी तिला दोष दिला नाही. तिच्या जागी गावातल्या कुठल्याही म्हातारीने तेच केलं असतं. मी खाडीवर जाऊन उभा राहिलो. पाणी चढत होतं. समोर विमानतळासाठी कापलेला डोंगर, अर्धा. एक विमान डोक्यावरून खाली उतरलं, त्याची सावली चिखलावरून सरकत गेली, आणि मला वाटलं, ही आता दोनदा मेली.

भाचा त्या रविवारी आला तेव्हा जेवला नाही. म्हणाला, "मामा, आवाज असतील. फोन गेला तरी असतील."

"कुठे असतील?"

"कंपनीकडे. फोनात जे पडतं त्याची एक प्रत ते आपल्याकडे ओढून घेतात. दुकानदाराने फोन चालू करताना सगळ्याला हो दाबलं असणार. मामीला विचारलंसुद्धा नसेल. हीच तर चोरी, ज्याच्यावर मी बोंबलत असतो."

मी म्हटलं, "चोराचं भलं होवो."

पण ते उघडेना. कंपनी म्हणे, तुमच्या नंबरावर आकडे पाठवलेत ते सांगा. नंबराचं सिम खाडीत. भाचा चिडला. "बघ, आपलीच वस्तू आणि आपणच दारात भिकाऱ्यासारखे." मी म्हटलं, दार बंद आहे हे बरंच आहे, कोणीही ढकललं आणि उघडलं तर दार कशाला म्हणायचं? सिम माझ्या नावावर होतं, आमच्याकडे बायकांची सिमं नवऱ्याच्याच नावावर असतात. पनवेलला दुकानात जाऊन अंगठा लावला, नवं सिम घेतलं, आकडे आले.

आणि ती बोलली. गाण्याच्या आधी घसा साफ केला तिने. माझ्या अंगावर काटा आला तो अजून गेलेला नाही.

आवाजांच्या खाली आणखी काहीतरी होतं. भाचा वाचता वाचता थांबला. फोन बाजूला ठेवायला लागला. मी म्हटलं, वाच. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती फोनला तोंडानेच विचारायची, आणि तिने विचारलेलं सगळं तिथे राहिलं होतं. बोंबील कसे खारवतात, नातीच्या नवऱ्याचं गाव कुठे आहे. मग, खोकल्यात रक्त पडलं तर काय होतं. परत तेच. मग, किती दिवस राहतो माणूस. डॉक्टरकडे जायच्या कितीतरी आधीचं ते. मी शेजारी पडून होतो तेव्हा तिने यंत्राला विचारलं होतं.

"हे बघ मामा, हे पण ठेवलंय त्यांनी. तिची भीतीसुद्धा. आता तरी तुला कळतंय का?"

"कळतंय," मी म्हटलं. "त्यांनी ठेवलं म्हणून मला कळलं. तिने मला सांगितलं नव्हतं."

ते यंत्र घरात बसून ऐकत होतं, ही गोष्ट काही चांगली नाही. मी तिला चांगली म्हणत नाही.

पुढच्या रविवारी तो एक काळी पेटी घेऊन आला. कॉम्प्युटरच, पण तोंड नसलेला. टीव्हीच्या खाली ठेवला. हिरवा दिवा लागला आणि आत पंखा घरघरायला लागला.

"हा आपला. यात सगळे उघडे प्रोग्राम. मामीचे आवाज इथे आणायचे आणि कंपनीकडचे पुसून टाकायचे. मालक तू."

"हा बिघडला तर कोणाच्या दारात जाऊ?"

"आमची माणसं आहेत ना जगभर. विचारायचं."

"त्यांच्यापैकी कोण बांधलेला आहे?"

"बांधलेला कोणीच नाही. पण मामा, सगळं उघडं आहे, लपवाछपवी नाही."

"तू वाचलंस ते सगळं?"

"मी नाही. पण कोणीतरी वाचतंच."

"मग तू पण अनोळखी माणसावरच भरवसा ठेवलास. माझ्या अनोळखीची निदान पाटी हाय, दार हाय, वकील लावता येतो त्याच्यावर."

"लाव वकील! त्यांच्या वकिलाच्या नुसत्या बुटात तुझं घर येईल."

बहीण आतून हसली. मीही हसलो. बायको गेल्यावर त्या घरात पहिलंच हसणं ते.

मी त्याला माझी नोकरी सांगितली. मिठागरं गेल्यावर मी जासईच्या कंटेनर यार्डात गेटवर होतो. डब्याला सील असायचं. आत काय आहे ते मी आयुष्यात बघितलं नाही. सील शाबूत, नंबर बरोबर, डबा सोडायचा. सील तुटलेला डबा आला की सगळे एकमेकांकडे बोट दाखवायचे. ड्रायव्हर म्हणायचा मी नाही, क्रेनवाला म्हणायचा मी नाही. आत हात सगळ्यांचे गेलेले आणि माल कोणाचाच नाही.

भाचा म्हणाला, "आणि सीलबंद डब्यात बॉम्ब असला तर?"

असेलही. मी एवढंच म्हटलं, प्रत घे, पण तिथलं पुसायचं नाही. तो म्हणाला, मामा, अर्धा पाय तिकडे ठेवून सुटका होत नसते. मी म्हटलं, मला सुटका नको, मला ती पाहिजे.

त्याने प्रत घेतली. लग्न जवळ आलं तसं त्याने मनापासून काम केलं. मामीचा आवाज स्वच्छ करतो म्हणाला. त्याच्या पंथातल्या कोणीतरी त्यासाठी प्रोग्राम बनवला होता. मांडव घालायच्या आधी त्याने सगळ्यांना बसवलं आणि पेटीवरून धवला लावला.

आवाज तिचाच होता. खोकला नव्हता, घरघर नव्हती, तरुणपणीसारखा खणखणीत. पण तो थांबेना. एक ओळ संपते न संपते तोच दुसरी, तिच्या अंगावर तिसरी, कोणीतरी मागे लागल्यासारखी ती गात होती. मी बहिणीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बंद कर," ती म्हणाली. "ही ती नाय."

"आये, मामीच आहे. नीट ऐक."

"श्वास घेत नाय ही! जिवंत बाई श्वास घेते. बंद कर, लग्नाच्या घरात काय आणलंस तू?"

नात उठून आत गेली. मांडवाचा बांबू कोणाच्या तरी हातून खाली पडला आणि सगळे दचकले. हिरवा दिवा तसाच जळत होता.

बहीण धवल्याला बायकोची जोडीदारीण होती. धवला एकटीने म्हणत नाहीत. एक म्हणते आणि थांबते, त्या थांबण्यात दुसरी ती ओळ उचलते. बायको पडवीत एकटीच गात होती, पण प्रत्येक ओळीनंतर तिने बहिणीसाठी जागा सोडली होती. प्रोग्रामला ती रिकामी वाटली. खोकल्याबरोबर त्याने ती सगळी जागा कापून टाकली.

भाच्याने डोक्याला हात लावला. "ते आपोआप कापतं. ते बंद करायला पाहिजे होतं. माझी चूक. प्रोग्रामची नाही."

"तेच सांगतोय मी. तुमच्यात चूक कधी प्रोग्रामची नसतेच."

"कच्ची प्रत पेटीत आहे मामा, थांब." तो बराच वेळ बसून खटखट करत होता. त्याने कच्च्यावरच काम केलं होतं. कच्ची उरली नव्हती. त्याने जगभरातल्या माणसांना विचारलं. एकाने कुठून तरी कळवलं, हा दोष आम्हाला माहीत आहे, तुम्हीच दुरुस्त करा आणि जमलं तर आम्हालाही द्या. भाच्याने ते मला वाचून दाखवलं. लपवू शकला असता, पण पोरगा खोटा नाही.

कंपनीकडे सगळं तसंच होतं. खोकला होता, पडवीतल्या चिमण्या होत्या, आणि तिने सोडलेली जागा होती. कंपनीला धवल्यातलं काय कळतंय? काही नाही. म्हणूनच तिने हात लावला नाही. ज्याला आत जाता येतं तो आत जाऊन काहीतरी नीट करतोच, आणि त्याचं नीट ते आपलं नीट असेलच असं नाही. कंपनीचं माझ्यावर प्रेम नाही, हे मला ठाऊक आहे. प्रेम भाच्याचं आहे. पण तिचा आवाज प्रेमाने कापला आणि परक्याने राखला, हे माझ्या घरात घडलं, आणि मी तेच बोलणार.

एक गोष्ट मात्र भाच्याने मला तेव्हा सांगितली आणि ती माझ्या मानेवर बसली आहे.

"मामा, कंपनीला माहीत नाही मामी गेली ते. कळलं तर खातं बंद करतील. मध्येमध्ये विचारतील, तुम्हीच आहात ना? उत्तर नाही आलं तरी बंद. तुला मामी होऊन राहावं लागेल."

तेव्हापासून तिला निरोप येतात. तुमच्या गावात पाऊस येणार आहे. तुमच्यासाठी खोकल्याचं नवीन औषध. तिचेच जुने फोटो, ही आठवण बघा म्हणून. कोणीतरी दार वाजवून तिला हाक मारतंय आणि मी आतून तिच्यासारखं ओ देतोय, असं मला दिवसभर वाटत राहतं.

हळदीच्या संध्याकाळी बहीण म्हणाली, "मेलेल्या बाईचा आवाज हळदीला? काय व्हायचं ते पोरीचं होईल." नात म्हणाली, "होऊ दे. आजी कबूल झाली होती." भाच्यानेच कंपनीचं खातं उघडलं, आवाज मोठ्या स्पीकरला जोडला आणि फोन माझ्या मांडीवर ठेवला.

तिने घसा साफ केला. पहिली ओळ म्हणाली आणि थांबली. मांडवात एवढ्या बाया, पण एकीचीही बांगडी वाजली नाही. ती जागा रिकामी जाते असं वाटलं, तेवढ्यात बहिणीने ओळ उचलली. आवाज फाटला, पण उचलली. मग ती म्हणाली, मग ही म्हणाली. नातीच्या गालाला हळद लागली.

माझ्या मांडीवर फोन थरथरला. काचेवर तिचं नाव होतं आणि खाली विचारलं होतं, हे खातं वापरणाऱ्या तुम्हीच आहात का? माझ्या अंगठ्याला ओली हळद होती. मी हो वर दाबलं. फोनाने घेतलं नाही. स्पीकरवर ती गातच होती. मी अंगठा धोतराला पुसला आणि परत दाबला, आणि घेईपर्यंत दाबून धरला.