पालथा

आमच्या पिंपरीच्या कारखान्यात अपघातांचे रिपोर्ट लिहिणारे एक कारकून होते. प्रत्येक इंग्रजी शब्द आधी पुटपुटायचे, आम्हां कामगारांना त्याचा अर्थ सांगायचे आणि मगच लिहायचे.

पत्रा दाबायच्या प्रेसवरचा, निघोज गावचा गडी मशीनपाशी मरून पडलेला पहिल्यांदा मीच पाहिला. साक्ष घेताना त्यांनी विचारलं, "उताणा की पालथा?"

"पालथा."

"म्हणजे प्रोन," म्हणत त्यांनी लिहिलं.

साहेबांनी कागद वाचला. "ॲक्सिडेंट-प्रोन होता, असंही घाला."

मी न कळून कारकुनांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "शब्द तोच, राव, पण इथं अर्थ निराळा. सारखे अपघात ओढवून घेणारा. म्हणजे दोष त्याचा, मशीनचा नाही." मग साहेबांकडे वळले. "सात वर्षांत त्याला साधं खरचटल्याची नोंद नाही, साहेब. मी हे लिहिणार नाही." आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची गोडाऊनला बदली झाली. रिपोर्ट नव्यानं टाइप होऊन आला. साहेबांनी बोट ठेवलं तिथं मी साक्षीदार म्हणून सही केली. त्या गड्याच्या बायकोला काहीच मिळालं नाही.

कारकून पुढं रोज कँटीनमध्ये भेटायचे. त्या सहीबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.