मशीनसकट वरवंडला

आईच्या नाकात ऑक्सिजनची नळी आली आणि लोक तिच्यासमोर बसूनच तिच्याबद्दल बोलायला लागले. तिला झेपायचं नाही, तिला कशाला त्रास, तिला काय विचारायचं. तिची फुप्फुसं आखडली होती. कान शाबूत होते, डोकंही. पण आलेला पाहुणा चहा घेताना माझ्याकडे बघून विचारायचा, "आता कसं हाय त्यांचं?" आई समोरच बसलेली असायची.

ऑक्सिजनचं मशीन म्हणजे चाकं लावलेली एक पेटी. भिंतीतल्या प्लगला जोडलेली, सारखी घरघरणारी. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढते आणि नळीतून नाकात सोडते. नळी पुरेल तिथपर्यंत आईचं फिरणं: स्वयंपाकघर, मोरी, पुढचा ओटा. लाइट गेली तर असावा म्हणून कोपऱ्यात एक छोटा सिलिंडर भरून ठेवलेला असे. तो थोडा वेळच पुरायचा. शिरूरच्या आमच्या घरात आम्ही दोघीच. मी रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायची. नवऱ्यापासून वेगळी होऊन आईकडे राहायला आले त्याला बरीच वर्षं झाली होती. भाऊ पुण्यात.

त्या थंडीत वरवंडहून मामेभाऊ आला. वरवंड आईचं माहेर. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर मामाच्या जोडीला आईचंही नाव लागलं होतं. मामाही गेला, आता शेती मामेभावाकडे. त्यानं पिशवीतून कागद काढले.

"आत्या, हक्कसोडपत्र हाय. रीतीप्रमाणं बहिणी देत्यातच. तुमाला दौंडला यायची गरज न्हाई. आजारी माणसासाठी रजिस्टर कचेरीचं सायेब घरी येत्यात, मी आणतो."

आईनं कागद हातात घेतले नाहीत. "एवढी घाई कशाची?"

"घाई न्हाई. नावं कमी झाली म्हंजी कर्जाला सोपं पडतं."

"मी आधी रान बघंन. मग सहीचं बोलू."

तो हसला. चिडवायला नाही, लहान मुलाला समजावतात तसं. "आत्या, मशीनची वायर वरवंडपतूर पुरंल का?"

तो गेल्यावर आईनं मला हाक मारली. "तुज्या गाडीत हे मशीन चालंल का, ते बघ."

भावाला फोन केला तर तो म्हणाला, "वेड लागलंय का तुम्हाला? रस्त्यात काही झालं म्हणजे? सही करून टाकायची, विषय संपला." मी म्हटलं, सही आईची आहे. त्यानं फोन ठेवला.

डॉक्टर मात्र नाही म्हणाले नाहीत. भरलेला सिलिंडर बरोबर हवा, बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र हवं, आणि आकडा त्यांनी सांगितलेल्याच्या खाली आला तर कुठंही असाल तिथून जवळचा दवाखाना. या तीन गोष्टी त्यांनी मला पुन्हा म्हणून दाखवायला लावल्या.

मग मी पहिली चूक केली. मोबाइलच्या दुकानातून गाडीत लावायचा छोटा इन्व्हर्टर आणला. गाडीच्या चार्जरच्या सॉकेटमध्ये खुपसायचा, की घरासारखा प्लग तयार. दारात गाडी उभी केली, आईला सिलिंडर लावून मागच्या सीटवर बसवलं आणि मशीन चालू केलं. ते एकदा गुरगुरलं, इन्व्हर्टरनं शिट्टी मारली आणि सॉकेटचा फ्यूज उडाला. समोरच्या घरातल्या काकू ओट्यावरून बघत होत्या. "अगं, कशाला जिवाशी खेळता," त्या म्हणाल्या.

आई आत बसूनच म्हणाली, "ह्यो बारका पडला. मोठा आण."

त्या आठवड्यात मी मशीनच्या मागची पट्टी वाचली, गाडीचं पुस्तक वाचलं. सॉकेट मोबाइल चार्ज करण्यापुरता असतो. आईचं मशीन त्याच्या दुप्पट-तिप्पट वीज मागत होतं, सुरू होताना तर आणखी. तेवढी ताकद थेट बॅटरीवरूनच घ्यावी लागते. शिवाय स्वस्त इन्व्हर्टरची वीज खडबडीत असते, मोटर त्यावर तापते. घरच्यासारखी साफ वीज देणारा, प्युअर साइन वेव्हचा, हवा.

तसा मागवून घेतला आणि बायपासला गाड्यांचं वायरिंग करणाऱ्याकडे गेले. त्यानं खोकं उघडून बघितलं आणि परत बंद केलं.

"ताई, गाडी पेटली तर नाव माझं येईल. तुमच्या मालकांना घेऊन या, त्यांच्याशी बोलतो."

"मालक नाहीत. गाडी माझी आहे, बॅटरी माझी आहे आणि ज्या बाईला न्यायचंय ती माझी आई आहे. काय बोलायचं ते माझ्याशी बोला."

त्यानं खोकं पुन्हा उघडलं. मी सांगितलं की वायर जाडच हवी, बारकी चालणार नाही. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा, पुढं कुठं वायर घासून शॉर्ट झाली तर वीज फ्यूजपाशीच तुटायला हवी. पत्र्यातून वायर आत येते त्या भोकाला रबर लावा. तो म्हणाला, "हे सगळं म्हाईत हाय तुमाला, मग भीती कशी न्हाई वाटत?"

"वाटते. म्हणून तर तुमच्याकडं आले."

त्यानं दिवसभर खपून काम चोख केलं. दोन रविवार मी दारात गाडी चालू ठेवून मशीन चालवून बघितलं. आधी इंजिन, मग इन्व्हर्टर, शेवटी मशीन. बंद करताना उलटं. एसी बंद. इंजिन बंद करून मशीन चालवायचं नाही, बॅटरी बसते. आणि इंजिन चालू असताना गाडी शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये नाही, उघड्यावरच, नाहीतर धुरानंच जीव जायचा. काकू आता जवळ येऊन बघायच्या.

आम्ही सकाळी निघालो. मशीन मागच्या सीटसमोर पट्ट्यानं बांधलेलं, सिलिंडरही बांधलेला, इन्व्हर्टर पुढच्या सीटच्या मागं खाली. आईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. न्हावऱ्याच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं रांग लागली. आई काचेतून बघत होती, कुणाच्या रानात काय आहे ते सांगत होती. बाहेर पडून तिला दोन वर्षं झाली होती.

पारगावच्या अलीकडं इन्व्हर्टर किंचाळायला लागला. गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, आधी आईला सिलिंडरची नळी लावली, मग मशीन बंद केलं. खाली बघितलं तर आईची शाल घसरून इन्व्हर्टरवर पडली होती. त्याच्या पंख्याला हवाच मिळत नव्हती, हात लावला तर चटका बसला. शाल काढली, चारी दारं उघडली. आईच्या बोटावरचा आकडा ठीक होता.

"परत जायचं का?" मी विचारलं.

"कशापायी? शाल माझी पडली. थंड हू दे, मग जाऊ."

इन्व्हर्टर निवल्यावर पुन्हा चालू केला. शाल आईनं कमरेला गुंडाळून गाठ मारली.

वरवंडला घरी न जाता ती म्हणाली, सरळ रानात घे. कच्च्या रस्त्यानं बांधापर्यंत गाडी गेली. आणि आम्ही दोघींनी बघितलं, रानात पीक नव्हतं. पांढऱ्या फक्कीच्या रेषा मारलेल्या, खुंट्या ठोकलेल्या, मधून रस्त्याची आखणी. आजोबांची विहीर मुरमानं बुजवली होती. आई बराच वेळ त्या मुरमाकडं बघत राहिली.

मामेभाऊ तिथंच होता, बरोबर एक गॉगलवाला. आम्हाला बघून मामेभावाचा चेहरा उतरला. गॉगलवाला मात्र ऐटीत खिडकीशी आला, सिगारेट पेटवलेली. "कोण पाव्हणं? प्लॉट बघायला का?"

"ती विझव आदी," आई म्हणाली. "माझ्या नाकात आक्सिजन हाय. भडकला तर तू बी जाशील."

तो चार पावलं मागं सरला.

मामेभाऊ म्हणाला, "आत्या, मी सांगणारच होतो."

"कवा? सही झाल्यावर?"

"तुमाला काय करायचीय जमीन या वयात? तुमाला धड चालता येत न्हाई."

आईनं दम घेतला. तिला एका श्वासात थोडेच शब्द मिळायचे, त्यामुळं ती थांबून थांबून बोलली आणि दोघांना थांबून ऐकावं लागलं. "चालता येत न्हाई, बसून आले. इहीर बुजवताना मला इचारलं न्हाई. आता सही मागतोस. न्हाई देत. माझा हिस्सा मोजून दे. तुझ्या हिश्श्यात काय बी कर."

"भावकीत काय म्हणतील?"

"म्हणू दे. मी गाडीत हाय, काच वर घेईन."

मला हसू आलं, ते मी दाबलं नाही.

पुढचे महिने वाईट गेले. फोन आले, मध्यस्थ आले, भाऊही दोनदा येऊन समजावून गेला. मामेभावाच्या घरच्या लग्नाची पत्रिका आली नाही. आई ढळली नाही. अखेर मोजणी झाली आणि रस्त्यापासून लांबचा, खालच्या अंगाचा तुकडा तिला आला. चांगला तुकडा त्यांनी ठेवला, हे आम्हाला दिसत होतं. विहीर गेली ती गेलीच. आई म्हणाली, माती तर आहे ना, शेजारच्याकडून पाणी घेऊ.

आता त्यात कांदा आहे. महिन्यातून एकदा आम्ही जातो. निघण्याआधी मी बॅटरीची टोकं आवळून बघते, फ्यूज बघते, सिलिंडर भरून आणते. बांधावर पोचलो की आई पुढच्या सीटवर येऊन बसते. खुरपणाऱ्या बायकांना हाका मारण्याइतका दम तिला नाही. कुणी गवत मागं सोडलं की ती हात लांब करून हॉर्न दाबते, आणि बाई मागं वळून बघेपर्यंत सोडत नाही.