पाण्यात ठेवलेले देव

अकोल्यात माझ्या वडिलांनी पन्नास वर्षं लोकांच्या घरी सत्यनारायण आणि वास्तुशांती केल्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, मी सुट्टीत घरी आले असताना, एका सकाळी ते घरच्या देवांच्या अर्ध्या पूजेतून उठले आणि मला म्हणाले, "बाई, तिकडं कोणी ऐकून नाही राहिलं." त्या दिवसापासून पूजा बंद.

मी अमरावतीला कॉलेजात शिकवते. देवाधर्माबद्दलची माझी मतं आमच्या नातेवाइकांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. मला आनंदच झाला. उशिरा का होईना, घरात विवेकवादी दोन झाले. पुढच्या फेरीत मी त्यांच्यासाठी दोन जाडजूड पुस्तकं नेली. त्यांनी ती उशाशी ठेवली, उघडली नाहीत.

आई देवाच्या असण्यानसण्यात पडली नाही. तिने फोनवर एवढंच सांगितलं, की महिना झाला, ते चहाला नावं ठेवत नाहीत. लग्नापासून एकही दिवस त्यांना तिचा चहा आवडला नव्हता. आता निवलेला कपही मुकाट पितात. पेपरची घडी मोडत नाहीत. आंघोळीसाठी तीनदा हाक मारावी लागते.

मी ज्याला शाबासकी देत होते, ते नुसतं चिंतन नव्हतं.

अमरावतीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे त्यांना नेलं. ते म्हणाले, नैराश्य आहे; या वयात लोक त्याला म्हातारपण म्हणून सोडून देतात. वडिलांनी विचारलं, गोळीने श्रद्धा परत येते का. डॉक्टर म्हणाले, नाही, झोप आणि भूक येते. वडील म्हणाले, मग चालेल.

आईने डॉक्टरांवर विश्वास ठेवला, पण एकट्या डॉक्टरांवर नाही. तिने देव पाण्यात घातले. वडील बरे होईपर्यंत सगळं देवघर पितळी घंगाळात बुडालेलं. पुस्तकांनंतर माझा बोलायचा हक्क कमी झाला होता.

दोनेक महिन्यांनी एका दुपारी वडील स्वयंपाकघरात आले आणि घंगाळापाशी थांबले.

"यायले भिजत कावून ठेवलं?"

आईने कारण सांगितलं. ते खाली बसले, एकेक मूर्ती काढून धोतराच्या सोग्याने पुसू लागले. बाळकृष्णाचे कानकोपरेसुद्धा.

माझ्याच्याने राहवलं नाही. मी विचारलं, "मग, कोणी ऐकतं वाटतं आता?"

"नाही ना बाई," ते म्हणाले. "पण ओलं कोणालेच ठेवू नये."

मग त्यांनी ओट्यावरचा चहा उचलला, एक घोट घेतला आणि आईला विचारलं, यात चहापत्ती टाकायची राहिली का. आई देवघराकडे तोंड करून उभी राहिली आणि बराच वेळ वळली नाही.