वेबसाईटच्या किल्लीला हळदकुंकू

आधीच सांगते, वेबसाईट बनवणं अवघड न्हाई. लोकं उगंच भितात. मला कोडिंगमधला क पण येत न्हवता. एका रविवारी सकाळी पोहे खाऊन बसले आणि दुपारच्या जेवणाच्या आत साईट उभी. खरंच. तयार सांगाडा मिळतो, रंग निवडायचा, फोटो टाकायचे, झालं. व्हिडिओ बघून शिकले, तेही डबल स्पीडवर.

त्याच व्हिडिओत शेवटी बॅकअपवर एक तुकडा होता. तो मी पुढं ढकलला. ते पुढं येईलच.

साईट कशाची, तर नान्नांच्या चादरींची. आमच्यात वडलांना नान्ना म्हणतात, आईला अम्मा. घरी तेलुगू, बाहेर मराठी, भांडण दोन्हीत. नान्ना शहराच्या पूर्व भागातल्या एका चादर कारखान्यात नक्षी काढायचे. ग्राफपेपरवर एकेक चौकोन पेन्सिलनं भरायचे, मग त्यावरनं मागावर मोर उठायचा, कमळ उठायचं. उभं आयुष्य तेच केलं. कारखाना बंद पडला तेव्हा ग्राफचे गठ्ठे रद्दीत गेले. घरात एक कागद न्हाई.

उन्हाळ्यात नान्ना गेले.

मी रडले न्हाई. सगळी म्हणायली, पोरगी लई धीराची. धीर कसला. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात की, गाल आपलाच असतो पण चिमटा काढला तर दुसऱ्याचा वाटतो, तसं झालं होतं. लोक यायचे, बसायचे, मी चहा करायची. साखर घातली का न्हाई ते आठवायचं न्हाई, म्हणून दोनदा घालायची.

मग डोक्यात आलं, कागद गेले असतील, चादरी कुठं गेल्यात? त्या घराघरात असतील की. आणि नान्नांची चादर ओळखायची खूण होती. प्रत्येक नक्षीत डाव्या कोपऱ्यात ते एक चौकोन मुद्दाम चुकीचा भरायचे. दृष्ट लागू नये म्हणून. सगळ्या पाकळ्या सारख्या आणि एका पाकळीत एकच काळा ठिपका. मालकाला ठाऊक न्हवतं. अम्माला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं.

साईटवर लिहिलं: तुमच्या चादरीचा डावा कोपरा बघा. चुकलेला चौकोन दिसला तर फोटो पाठवा, सोबत दोन ओळी लिहा. नाव, नंबर काही मागितलं न्हाई. नंबर मागितला की लोकं पळतात, हे पण व्हिडिओतच शिकले. फक्त गाव लिहायचं. फोटो थेट साईटवर चढायचे, माझ्याकडं वेगळे यायचेच न्हाईत.

अम्मा शिवणकाम करते. मशीन थांबवून तिनं विचारलं, "हे सगळं ऱ्हातं कुठं?"

"साईटचं नाव म्हणजे दुकानाची पाटी. होस्टिंग म्हणजे गाळा. बाजारात, नवी पेठेत असतो की, तसा. पाटी आपली, माल आपला, गाळा दुसऱ्याचा."

"कुठंय गाळा?"

"असंल कुठंतरी परदेशात."

"बघितलीस?"

"कोणच बघत न्हाई गं."

"न बघता गाळा घेतलीस. बापावर गेलीस अगदी." मग सुई ओवता ओवता, "आणि कुलूप?"

"हाय की. पासवर्ड. तीच किल्ली."

"मग बरंय."

हे समजावून सांगायला मला लई भारी वाटलं होतं. पाटी, गाळा, किल्ली. मैत्रिणींना पण तसंच सांगायची. अजून पण सांगते, फक्त किल्लीपाशी थांबते.

फोटो यायला लागले. केम गावातनं एकानं लिहिलं, लग्नात आलेली चादर, पोरं मोठी झाली, चादर तशीच. अक्कलकोटच्या एका बाईंनी निम्मं कन्नड निम्मं मराठी लिहिलं, सासूबाई ह्याच चादरीवर बसून पोथी वाचायच्या, चौकोन चुकलाय हे आजच कळलं. नान्नांच्या कारखान्यातले एक जॉबर होते, माग दुरुस्त करणारे, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी पण घरातली चादर पाठवली आणि लिहिलं, "हा ठिपका मागाची चूक समजून मी तीन दिवस माग खोलून बसलो होतो. मास्तर शेजारी उभा राहून हसत होता." मास्तर म्हणजे नान्ना. दसऱ्यापर्यंत एकसष्ट फोटो झाले.

अम्मा रोज दुपारी साईट उघडायची आणि प्रत्येक नव्या फोटोचा स्क्रीनशॉट काढायची. फोन सारखा भरायचा, मग मला हाक.

"अम्मा, स्क्रीनशॉट कशाला काढतीस? लिंक उघडली की दिसतंय की."

"आज दिसतंय."

"उद्या पण दिसणार. ते पळून जात न्हाई कुठं."

"मग माझ्यापाशी पण ऱ्हाऊ दे की. तुझं काय जातंय?"

मी एकदा वैतागून तिच्या फोनमधले चोवीस स्क्रीनशॉट उडवले. जागा करून दिली. दुसऱ्या दिवसापासनं ती नव्यांचे परत काढायला लागली.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. पाटावर नान्नांची निम्मी उरलेली पेन्सिल, आजोबांच्या हातमागाचा धोटा, अम्माची कात्री, माझा लॅपटॉप. शिवणमशीनला तिथंच झेंडू. अम्मानं सगळं बघितलं आणि म्हणाली, "किल्ली कुठंय?"

"कसली किल्ली?"

"तूच म्हणालीस की, गाळ्याला किल्ली हाय म्हणून. किल्लीशिवाय कधी पूजा झाली का? नान्ना कारखान्याची किल्ली मालकाकडनं मागून आणायचे आणि पाटावर ठेवायचे."

खरं होतं. ती किल्ली मी बघितलेली होती, हळदीनं पिवळी झालेली. मग मी पांढरं कार्ड घेतलं आणि स्केचपेननं पासवर्ड लिहिला. चौदा अक्षरी होता. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे, चिन्हं, सगळं. कुठल्या कॉम्प्युटरच्या बापाला फुटला नसता.

"नीट लिही," अम्मा म्हणाली, "पूजेतलं अक्षर हाय."

नीट लिहिलं. तिनं हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, कार्डाच्या डोक्यावर शेवंतीचं एक फूल. लई छान दिसायलं होतं. मी फोटो काढला आणि फोनवरनंच साईटच्या पहिल्या पानावर टाकला: आमच्या साईटची पहिली खंडेनवमी. मग लॅपटॉप बंद. पूजा मांडली की हत्याराला हात लावायचा न्हाई, दसऱ्याला पाट उचलेपर्यंत.

आता वाचताना तुम्हाला दिसलं असंल. मला तेव्हा दिसलं न्हाई. अम्माला न्हाई, त्या फोटोखाली हात जोडलेल्यांना न्हाई. सगळ्यांना पूजाच दिसली. मोबाईलवर कोड येणारं दुसरं कुलूप असतं, ते लावू का म्हणून साईट मला दर वेळी विचारायची. मी दर वेळी 'नंतर' दाबलं होतं.

दसऱ्याला संध्याकाळी चाचा आपट्याची पानं घेऊन आले. अम्माच्या हातात सोनं दिलं, माझ्या हातात दिलं, खुर्चीत बसले.

"बेटा, साईटला नवीन काय केलीस?"

"काय न्हाई चाचा. का?"

"न्हाई, आमच्या सुनेला मास्तरची चादर दाखवायला उघडलो, तर एक बाई पत्ते वाटायलीय. वर इंग्लिशमधे काय काय. मी म्हणलो, पोरगी धंदा बदलली वाटतं."

अम्मा हसली. मी पण हसले. मग फोनवर उघडलं. बाई पत्ते वाटत होती, ऑनलाईन जुगाराचं पान.

मोर न्हाई, कमळ न्हाई, केम न्हाई, अक्कलकोट न्हाई. माझा पासवर्ड चालंना. ज्यांच्याकडनं गाळा घेतला होता त्यांच्याशी चॅटवर बोलले, मी भराभरा टाईप करत होते आणि तिकडनं सावकाश उत्तर येत होतं. साईट मला परत मिळाली, रिकामी. आतलं? आतलं पुसलंय. बॅकअप? तुमच्या प्लॅनमध्ये बॅकअप नाही, तो तुम्ही स्वतः घ्यायचा होता. आणखी काही मदत हवी आहे का?

न्हाई, म्हणून टाईप केलं. धन्यवाद पण लिहिलं.

परत पाठवा म्हणून सांगायचं तर कुणाला? मी नंबरच घेतले न्हवते. काही झालं न्हाई मला. गाल तसाच बधिर. मी चाचांना चहा केला. त्यांनी एक घोट घेतला, अम्माकडं बघितलं आणि सगळा संपवला. दोनदा साखर पडली असणार.

"किल्ली दाखवलीस होय लोकांना," चाचा हळू म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मीच म्हणाले तिला," अम्मा म्हणाली. मग तिनं शिवायला आलेल्या ब्लाऊजच्या कापडांखालनं फोन काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "बघ यात काय हाय का."

सदतीस होते. एकसष्टातले चोवीस मी उडवलेले, बाकीचे सगळे होते. प्रत्येकाच्या वर तिच्या फोनची वेळ, दुपारचे तीन, सव्वातीन, तीन. म्हणजे मशीन थांबवून ती रोज त्याच वेळी बघायची. मोर होता. केमची चादर होती. चाचांची न्हवती, ती चोवीसात गेली.

मी पहिला फोटो मोठा केला, डावा कोपरा. नुसतं धुरकट. दुसरा केला, तसाच. स्क्रीनशॉट लहान असतात, एवढा बारीक चौकोन त्यात ऱ्हात न्हाई. एका पण चादरीत खूण दिसंना. आता ह्या नान्नांच्या कशावरनं? बाजारात मोराच्या चादरी ढिगानं हायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा स्कूटरवर आपली चादर घेऊन आले. "माझी तर घरातच हाय की, घे फोटो." आम्ही ती ओसरीवर पसरली. अम्मानं न शोधता कोपऱ्यावर बोट ठेवलं. ठिपका होता. बोट तिनं बराच वेळ उचललं न्हाई. चाचा स्कूटरकडं बघत उभे राहिले.

मग मी साईट परत उभी केली. नवा पासवर्ड, मोबाईलचा कोड, आठवड्याला बॅकअप, एक लॅपटॉपमध्ये आणि एक पेनड्राईव्हवर. पेनड्राईव्ह अम्माच्या शिवणाच्या डब्यात असतो, बटणांसोबत. चाचांची चादर पहिली लावली. मग अम्माला शेजारी बसवलं आणि एकेक स्क्रीनशॉट दाखवत गेले.

"ह्यात चौकोन बघितलीस?"

"व्हय. कमळाच्या खालच्या पाकळीत."

"ह्यात?"

"मोराच्या पायात. मी म्हणाले पण होते तुला, तू ऐकली न्हाईस."

"ह्यात?"

"होता."

मी टाईप करत गेले. ती सांगंल तेवढं, तिच्या वेगानं. एका चादरीवर ती थांबली. हिरवी होती, चौकटीची, खाली गाव पण लिहिलेलं न्हवतं. फोन डोळ्याजवळ नेला, लांब धरला.

"अम्मा?"

"ह्यात मला आठवंना गं."

"असंलच की. लिहू?"

"न्हाई. बघितला असंल तरच बघितला म्हणावं."

छत्तीस फोटोंखाली लिहिलं: चौकोन फोटोत दिसत नाही, अम्मानं बघितलाय. हिरव्या चादरीखाली लिहिलं: अम्माला आठवत नाही, ही तुमची असेल तर डावा कोपरा परत बघून सांगा. मग बॅकअप घेतला, आणि ती मशीनवर जाऊन बसली.